एस्टोनियन जाणणारा स्वतंत्र दुभाषी कसा शोधावा?

प्रश्न (अंबड, नाशिक):
अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना आहे. एस्टोनियातील तार्तू शहराजवळच्या ग्राहकाकडून दोन प्रतिनिधी पुढील महिन्यात तीन दिवसांसाठी येत आहेत. त्यांपैकी खरेदी अधिकारी चांगले इंग्रजी बोलतात. परंतु ज्यांच्या शेऱ्यावर माल स्वीकारला किंवा नाकारला जाईल, ते तपासणीस एस्टोनियनच बोलतात. नाशिकमध्ये चौकशी केली असता जर्मन आणि जपानीचे जाणकार भेटले, एस्टोनियनचा एकही नाही. एका परिचितांनी रशियन दुभाषी सुचवला आहे. काय करावे?

प्रतिसाद १ (सातपूर):
रशियन दुभाषी परस्पर ठरवू नका. एस्टोनिया १९९१ पर्यंत सोव्हिएत अमलाखाली होता, त्यामुळे जुन्या पिढीतील अनेकांना रशियन येते. पण ती बोलायची इच्छा असेलच असे नाही, म्हणून आधी पाहुण्यांनाच विचारावे. एस्टोनियन ही रशियनच्या नव्हे, फिनिशच्या कुळातील भाषा आहे. तरीही फिनिश दुभाष्यावर काम भागणार नाही, कारण जवळच्या भाषांमधील सारखे दिसणारे शब्दच तांत्रिक बोलण्यात अधिक फसवतात.

एस्टोनियन बोलणारे जगभरात जेमतेम ११ लाख, म्हणजे नाशिक शहराच्या लोकसंख्येहूनही कमी. त्यामुळे एस्टोनियन–मराठी दुभाष्याचा शोध सोडून एस्टोनियन–इंग्रजी दुभाषी पाहावा आणि इंग्रजी–मराठीची बाजू आपल्या अभियंत्याने सांभाळावी. २००४ पासून एस्टोनियन ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा असल्याने या जोडीचे व्यावसायिक दुभाषी तालिन आणि तार्तू येथे आहेत. त्यांना विमानाने आणण्यापेक्षा दृक्‌श्राव्य संपर्काने जोडून घेणे परवडेल. त्यांच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा होतात, हिवाळ्यात साडेबारा. मात्र यंत्रे चालू असताना दुभाष्याला काहीही ऐकू येणार नाही, म्हणून चर्चा स्वतंत्र खोलीत ठेवा.

प्रतिसाद २ (सिन्नर):
वरील सूचनेला माझी एक पुस्ती. कागदपत्रांचा अनुवादक आणि समोरासमोर बोलणे पोहोचवणारा दुभाषी यांची कामे वेगळी आहेत, म्हणून निवड करण्याआधी पंधरा मिनिटांचे तोंडी संभाषण करून पाहा. मापांचे आराखडे आणि दोषांची नावे त्याला आठवडाभर आधी पाठवा.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. एस्टोनियात दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे आराखड्यात १,२५० दिसले तर ते साडेबाराशे नसून सव्वा असू शकते. शिवाय त्या भाषेत वेगळा भविष्यकाळ नाही. आपणही ‘उद्या माल पाठवतो’ असे वर्तमानकाळातच म्हणतो (आणि तो उद्या कितपत खरा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे), पण तारीख न उच्चारता झालेले असे वाक्य दोन भाषांमधून फिरून आले की ‘पाठवत आहोत’ आणि ‘पाठवू’ यांतला भेद पुसला जातो. प्रत्येक आश्वासनासोबत तारीख वदवून घ्या.

प्रश्नकर्ता (अंबड):
आभारी आहे. खरेदी अधिकाऱ्यांना आजच पत्र पाठवले. तपासणीस रशियन समजतात, परंतु आपल्याच भाषेत बोलणे पसंत करतील, असे त्यांचे उत्तर आले. तार्तूच्या दुभाष्याची चाचणी सोमवारी ठरली आहे. आराखड्यांतील स्वल्पविराम आता पुन्हा तपासायला बसलो आहोत.