फिटनेस बँडमुळे पोराचा डाव शून्य दिला, अपील कुठे करायचं? अर्जंट

साखळीची_आई: उद्या सकाळी नऊला पाचवी फेरी आहे म्हणून घाईत लिहितेय. आज मडगावला बुद्धिबळ स्पर्धेत मुलाचा चौथा डाव गेला, दोन प्याद्यांनी वर होता, चांगला जिंकत होता आणि मध्येच पंच येऊन घड्याळ थांबवून शून्य दिलं. कारण काय तर बँड. समोरच्या मुलाचे बाबा सगळ्यांदेखत चीटिंग चीटिंग ओरडले, तेव्हापासून पोर जेवलेलं नाही. अपील कुठे करतात?

काळा_उंट: ताई, कसला बँड? हातात होता की बॅगेत? चालू होता?

साखळीची_आई: पावलं मोजायचा हो, रोज शाळेत घालतो. हातातच होता, बाहीखाली. व्हायब्रेट झाला.

फोंडेकर: मग अपील विसरा. फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, नियम ११.३.२ वाचा, अंगावर असं उपकरण सापडलं की डाव गेला, वापरलं की नाही हे बघतच नाहीत.

काळा_उंट: अर्धा नियम सांगू नको रे, पुढेच लिहिलंय की स्पर्धा याहून सौम्य शिक्षा ठेवू शकते. ताई, स्पर्धेचं पत्रक बघा आधी.

फोंडेकर: सौम्य कशाला? २००६ ला दिल्लीत टोपीत ब्लूटूथ सापडलं, दहा वर्षं बंदी. २०१९ ला रौसिस, ग्रँडमास्टर माणूस, स्ट्रासबर्गला टॉयलेटमध्ये फोनसकट सापडला, किताबसुद्धा काढून घेतला.

साखळीची_आई: माझं पोर अकरा वर्षांचं आहे. त्याला त्या रांगेत बसवू नका.

म्हापसा_हत्ती: पोरांनी आपल्या गोव्यातल्या हडफड्याचा वर्ल्ड कप आठवावा, उझबेकिस्तानचा सिंदारोव एकोणीस वर्षांचा, जिंकून गेला. ताई, मुलाला रोज वीस कोडी द्या, दोन प्यादी वर असून डाव लांबतो म्हणजे एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) कच्चा आहे.

काळा_उंट: एंडगेमचं कुणी विचारलंय?

डिचोलीचे_पंच: मी बरीच वर्षं पंच म्हणून काम केलंय. बाय, डाव जाणं वेगळं आणि फसवणूक ठरणं वेगळं. अपील लेखी द्यावं लागतं, मुदत आणि फी पत्रकात असते, मुदत बहुतेक संपली असेल. पण बँड कुठल्या फोनला जोडलेला, आणि तो फोन कुठे होता?

साखळीची_आई: माझ्या फोनला. मी हॉलच्या दारात उभी होते. त्याच्या मावशीचा ऑल द बेस्ट आला होता तेव्हाच.

डिचोलीचे_पंच: बघा, पंचांच्या जागी मी असतो तर मलाही दुसरं काही करता आलं नसतं. आईचा फोन दारात आणि मुलाच्या मनगटावर थरथर, बाहेरून चाल कळवायची झाली तर अशीच कळवतील. पण तुमचं त्यात काही नव्हतं हे त्यांना दाखवा. सकाळी फोन घेऊन जा, मेसेजची वेळ दाखवा आणि सांगा, गुण परत मागत नाही, पण आरोप नियमभंगाचा आहे, मदत घेतल्याचा नाही, हे त्या बाबांसमोर बोला.

फोंडेकर: हे पटलं. मी जरा जोरात बोललो ताई.

साखळीची_आई: त्याला उठवून सांगितलं की मेसेज माझ्याच फोनवर आलेला, तुझी चूक नाही. बँड काढून कपाटात ठेवलाय. आता जेवतोय. पत्रकात फेरी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी या असं आहे, पंच तेव्हा भेटतील का?

डिचोलीचे_पंच: आठलाच जा. नंतर जोड्या लावायच्या गडबडीत कोणी ऐकत नाही.