कुमारजींचं आजारपण वजा करून बघा

या चर्चेत एकांनी लिहिलंय की कलाकार असो वा खेळाडू, झालेलं दुर्दैव विसरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांचं बघा. ऐन उमेदीत क्षयानं गाठलं, हवापालटासाठी माळव्यात, देवासला आले, गाणं बंद. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची, दारावर येणाऱ्या भिक्षेकऱ्यांची गाणी ऐकत राहिले. १९५३ च्या सुमारास पुन्हा गायला लागले तेव्हा एक फुप्फुस जवळपास निकामी झालेलं. मग लांब दमाच्या गाण्याऐवजी छोट्या, अचानक झेपावणाऱ्या स्वराकृती आल्या. ऐकलेली ती लोकगीतं धुनउगम रागांत, म्हणजे लोकधुनांमधून त्यांनी घडवलेल्या रागांत, उतरली. आजारपण वजा केलं तर हे गाणं उरतच नाही. (त्यांनी त्याचं भांडवल कधी केलं नाही, हे मात्र खरं.)

क्रिकेटमध्ये अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, तरी भारताची टोपी, म्हणजे देशाकडून खेळायची संधी, मिळाली नाही. २०२५ मध्ये महिला संघानं विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. पण म्हणून त्या टोपीची भरपाई झाली असं कृपया कुणी म्हणू नका. ती त्यांच्या हक्काची होती.