कॅम्पसवरचा पहाटेचा पारा: अंदाजासाठी काय घ्यावं, काय पाहावं?

टेकडीखालचा
नमस्कार मंडळी. पुण्याच्या पश्चिम भागात, टेकडीच्या पायथ्याशी आमचं कॉलेज आहे. मी दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. दिवाळीनंतर एक उद्योग सुरू केला: रोज रात्री नऊच्या सुमारास हॉस्टेलच्या ग्रुपवर उद्या पहाटेचं किमान तापमान किती असेल ते लिहितो. सुरुवात एनसीसीच्या मुलांमुळे झाली. त्यांना सव्वासहाला मैदानावर उभं राहायचं असतं, आत थर्मल घालायचं की नाही ते आदल्या रात्री ठरवायचं असतं. मग मेसच्या मावशी विचारू लागल्या. थंडी वाढली की दह्याचं विरजण लागत नाही, त्या पातेलं पोत्यात गुंडाळून ठेवतात. आता बरेच जण माझा आकडा वाचून काहीतरी ठरवतात, म्हणून तो नीट यावा असं मनापासून वाटतं.

सध्या फोनवरच्या अ‍ॅपचा आकडा घेतो आणि त्यातून दोन वजा करतो. खिडकीच्या गजाला तापमान दाखवणारं डिजिटल घड्याळ टांगलंय. अडचणी दोन. शिवाजीनगरच्या वेधशाळेत साडेदहा असतं त्या दिवशी माझ्या खिडकीत तेरा दिसतं, पण मैदानावर दात वाजत असतात. आणि मागच्या आठवड्यात मी ९ सांगितलं, सकाळी निघालं १४. मध्यरात्रीनंतर ढग आले होते.

तीन हजारांच्या आत कोणतं यंत्र घ्यावं, कुठे लावावं, आणि रात्री नऊला नक्की काय पाहून आकडा ठरवावा?

सोल्डरगन
खिडकीचं घड्याळ आधी काढ. भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहते. तू कॅम्पसचं नाही, हॉस्टेलच्या भिंतीचं तापमान मोजतोयस.

एसएचटी३१ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि त्याचे आकडे वाचायला ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड घे. दोन्ही मिळून तुझ्या बजेटमध्ये आरामात बसतात आणि आर्द्रताही मिळते, ती तुला लागणारच आहे. डीएचटी२२ हा दुसरा सेन्सर स्वस्त आहे, पण माझ्याकडचे दोन एका पावसाळ्यानंतर आर्द्रता वाटेल ती दाखवायला लागले. एक चूक टाळ: सेन्सर बोर्डाला चिकटवू नकोस. ईएसपी३२ स्वतः गरम होतो. दोघांमध्ये हातभर वायर ठेव.

आडोशासाठी कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सात-आठ ताटल्या आण. मधल्या ताटल्यांना भोक पाड, बोटभर अंतर ठेवून लांब स्क्रूवर एकावर एक चढव, सेन्सर मधे. ऊन-पाऊस लागत नाही, हवा खेळती राहते.

ओला_कोरडा
मी वेधशाळेत निरीक्षक होतो, निवृत्त झालो. धागा वाचून बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागा सगळ्यात महत्त्वाची. आमची स्टीव्हन्सन पेटी, म्हणजे तापमापक ठेवायची झडपांची पांढरी लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असते, खाली गवत, दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी आत ऊन पडत नाही. इमारत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब राहायचं. हॉस्टेलची गच्ची नको. थंड हवा जड असते, उतारावरून वाहत खाली येते आणि सखल भागात साचते. गच्चीवर ती सापडणार नाही. म्हणूनच पुण्यात पाषाण आणि शिवाजीनगरचा पारा लोहगावपेक्षा कितीतरी वेळा तीन-चार अंशांनी खाली असतो. तुमचं कॉलेज टेकडीच्या पायथ्याशी आहे, तेव्हा मैदानावर दात वाजणं अगदी खरं आहे. अ‍ॅपचं मॉडेल काही किलोमीटरच्या चौकोनाचा एक आकडा देतं. त्या चौकोनात टेकडीही आली, ओढाही आला, तुमचं मैदानही आलं. बागकाम पाहणाऱ्या लोकांना विचारून हिरवळीवर एक खांब रोवायची परवानगी काढा.

आता नऊ वाजताचं काम. तीन गोष्टी पाहायच्या: दवबिंदू तापमान, आकाश, वारा.

दवबिंदू आधी. समजा संध्याकाळी सातला २० अंश आणि आर्द्रता ४५ टक्के आहे. दवबिंदू आठच्या जवळ येतो. रात्री हवा तिथवर निवली की दव पडायला लागतं, आणि बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे पारा पुढे फार हळू उतरतो. निरभ्र, शांत रात्री किमान तापमान बहुधा दवबिंदूच्या थोडं वर किंवा त्याच्याच आसपास थांबतं. तेच २० अंश असताना आर्द्रता ७५ टक्के असेल, तर दवबिंदू पंधराच्या वर गेला. मग अ‍ॅप काहीही म्हणो, १० सांगायचं नाही.

ढग आणि वारा हे दोन्ही थंडीचे शत्रू. जमीन रात्री आकाशाकडे उष्णता सोडते, ढग ती अडवून परत पाठवतात. वारा असला तर वरची उबदार हवा खालच्या थंड थरात मिसळते. त्यामुळे झोपण्यापूर्वी हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचं इन्सॅट उपग्रहाचं इन्फ्रारेड चित्र (रात्रीही ढग दाखवणारं) पाहायची सवय लावा. ढगांचा पट्टा अरबी समुद्रावरून किंवा विदर्भाकडून सरकत येत असेल तर तो साधारण किती वाजता पुण्यावर पोहोचेल हे सलग चार-पाच चित्रं पाहून कळतं. तुमचा ९ चा १४ झाला तो बहुतेक इथेच.

त्यापलीकडे दिशा. उत्तरेत पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, येऊन पुढे सरकला की एक-दोन दिवसांत उत्तरेचे कोरडे वारे आपल्याकडे पोहोचतात आणि दवबिंदू धाडकन खाली येतो. पूर्वेचे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प आणतात, तेव्हा थंडी पळते. दवबिंदूची रोजची नोंद ठेवलीत तर हा बदल पारा उतरायच्या आधी तुमच्या वहीत दिसेल.

द्राक्षबाग
निफाडहून. ओला_कोरडा काकांनी सखल भागाचं सांगितलं ते शंभर टक्के. आमच्या बागेत ओढ्याकडचा तुकडा आणि रस्त्याकडचा तुकडा यात दोन अंशांचा फरक पडतो, एकाच बांधावर. शेकोट्या पेटवायच्या झाल्या की पहिली ओढ्याकडे. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंशांची नोंद झाली, त्या दिवसांत पानांवरचं दव गोठलेलं पाहिलंय. पहाटे ड्रिप सुरू ठेवलं होतं, मुळांशी ऊब राहते.

दादा, एक सांगतो, आम्हाला नेमका आकडा नको असतो. ‘चारच्या खाली जाईल का’ एवढं कळलं तरी रात्रीची तयारी करता येते. तुमच्या मावशींचंही तेच असेल.

एरीकाठची
द्राक्षबाग यांचा मुद्दा फार मोलाचा. मी अमेरिकेत बफेलोला शिकत होते, तिथे एरी सरोवरावरून येणाऱ्या बर्फाचे पट्टे अगदी अरुंद असतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेच्या उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला आणि उत्तरेकडे जेमतेम काही इंच. ‘शहरात इतका बर्फ’ असा एक आकडा तिथे कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. तेव्हापासून मी मैत्रिणींना अंदाज सांगताना पल्ला आणि शक्यता दोन्ही सांगायचे. तूही ‘९ ते ११, दहाच्या खाली जायची शक्यता दहात सात’ असं लिही. ढगांची शंका असेल त्या रात्री पल्ला मोठा ठेव आणि शंका आहे हे सरळ लिही.

टेकडीखालचा
सगळ्यांचे आभार, काका आणि ताई, तुमचे विशेष. खांबाची परवानगी मिळाली, मैदानाच्या खालच्या कडेला हिरवळीवर. सेन्सर मागवलाय. तो बरोबर दाखवतोय हे कसं तपासू? आणि मी सुधारतोय की नाही हे कसं कळेल?

सोल्डरगन
बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी थर्मासमध्ये घालून ढवळ, ते शून्य अंश. सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आत बुडव, पंधरा मिनिटं थांब. जो फरक दिसेल तो वहीच्या पहिल्या पानावर लिही.

ओला_कोरडा
किमान तापमानाची नोंद आम्ही सकाळी साडेआठला घेतो, गेल्या चोवीस तासांतलं सगळ्यात कमी. तुम्हीही तीच वेळ धरा, म्हणजे शिवाजीनगरशी तुलना करता येईल. पारा सहसा सूर्योदयाच्या सुमारास तळाला जातो, जानेवारीत पुण्यात सात वाजून गेल्यावर. सहा वाजता पाहून आकडा लिहून टाकू नका.

सुधारणा मोजायला वहीत तीन रकाने करा: तुमचा अंदाज, प्रत्यक्ष, आणि ‘काल होतं तेच आज’ असं म्हटलं असतं तर आला असता तो आकडा. महिन्याअखेरीस दोन्हींच्या चुकांची सरासरी काढा, अधिक-उणे न पाहता. कालचाच आकडा सांगणाऱ्यापेक्षा तुमची चूक कमी असली पाहिजे. हिवाळ्यात हवा दिवसेंदिवस सारखीच राहते, त्यामुळे हा प्रतिस्पर्धी वाटतो त्याहून कठीण आहे. अंदाज रात्रीच लिहायचा, शाईने, आणि चुकलेला खोडायचा नाही. थंडीच्या लाटेचा इशारा मात्र हवामान खात्याचाच पुढे पाठवायचा. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांपर्यंत पारा गेलेला आहे; तशी वेळ आली तर लोकांनी अधिकृत इशारा ऐकणंच योग्य.

टेकडीखालचा
बारा दिवसांनी लिहितोय. सेन्सर बर्फात ०.३ दाखवत होता, तेवढं वजा करतो. खांबावरचा आकडा शिवाजीनगरपेक्षा सरासरी सव्वा अंशाने कमी येतोय, पण ढगाळ दोन रात्री फरक जवळपास शून्य होता. म्हणजे ‘दोन वजा’ हा माझा जुना नियम निरभ्र रात्रींपुरताच थोडाफार बरा होता. आतापर्यंत माझी सरासरी चूक १.१, ‘कालचंच आज’ची १.४.

आज संध्याकाळी सातला २१ अंश, आर्द्रता ४० टक्के, दवबिंदू ७. उपग्रहाच्या चित्रात पुण्याच्या दोनशे किलोमीटरच्या आत ढग नाही, झाडाचं पान हलत नाहीये. अंदाज ८.५ ते १०, दहाच्या खाली जायची शक्यता दहात आठ. ग्रुपवर टाकलाय, मावशींना जाऊन सांगून आलो.

ओला_कोरडा
सकाळी येईल तो आकडा इथे लिहा.

टेकडीखालचा
९.१. गवत ओलंचिंब होतं, बूट भिजले. पातेलं रात्रीच पोत्यात गेलं होतं, दही लागलं.