गर्द सुटला, गोळी चालू आहे. माणूस सुटला म्हणायचं का?

गच्चीवरचा:
माझा मावसभाऊ एकोणिसाव्या वर्षी गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढायला लागला. तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, तिन्ही वेळा घसरला. आता चार वर्षं ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, म्हणजे गर्दच्या बदली देतात त्या गोळीवर. रोज सकाळी सरकारी केंद्रावर जायचं, नर्ससमोर गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गप्प बसायचं, मग कामावर. फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्रिलं बनवतो, पगार आईच्या हातात देतो.

गणपतीत मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "गोळ्या अजून चालूच? मग सुटलं काय?" तो आरती सोडून खाली निघून गेला.

माझं मत : सुटलं. मेंदूत गर्द ज्या जागी जाऊन बसतो, तीच जागा ही गोळी धरते, पण काम अर्धवटच करते. डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही. गर्दचा अंमल काही तासांत उतरतो आणि माणूस पुढच्या पुडीच्या मागे धावतो. हिचा दिवसभर पुरतो. वरून गर्द ओढला तरी फारशी किक बसत नाही. मधुमेहवाल्याला आपण "इन्सुलिन अजून चालूच?" असं भर आरतीत विचारतो का?

उंबरठा:
साफ असहमत. मी स्वतः गर्दुल्ला होतो, त्यामुळे पुस्तकी बोलत नाही. १९९१ साली टर्की, म्हणजे नशा तोडल्यावर अंगाला होणारा त्रास, काढली, बिनगोळीची. हाडं आतून कुणी कुरतडतंय असं वाटायचं, नाक-डोळे वाहायचे, रात्रभर पाय झाडायचो. त्यानंतर आजतागायत एक कश नाही. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून आमच्या पिढीनं एकच शिकलं : आजचा दिवस, काहीही न घेता. इन्सुलिनची उपमा मला पटत नाही. इन्सुलिनसाठी कुणी घरातली भांडी विकलेली नाहीत. गोळी म्हणजे कुबडी. पाय बरा झाल्यावरही कुबडी सोडायची नसेल, तर चालायला शिकणार कधी?

सोनटक्का:
काका, तुमची तेहतीस-चौतीस वर्षं खरीच. पण एक विचारते, राग मानू नका. तुमच्याबरोबर दाखल झालेले आज किती आहेत?

मी अशा केंद्रावर नर्स होते. आम्हाला सगळ्यात धास्ती असायची ती "बरा होऊन" घरी गेलेल्यांची. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस पुन्हा घसरला की जुन्याच मापानं भरतो. श्वास मंदावत जातो, घरच्यांना वाटतं झोपलाय. गोळी चालू असलेल्यात हे मरण बरंच कमी. सुया वाटून घेणं थांबतं म्हणून एचआयव्हीही कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ सालीच ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती काय नशेची सोय म्हणून?

उंबरठा:
अकरा होतो. चौघं उरलो.
पण जे गेले ते एकटे पडले म्हणून गेले, गोळी नव्हती म्हणून नव्हे. हे मी स्मशानात उभं राहून पाहिलंय.

सोनटक्का:
दोन्ही खरं असू शकतं की.

खडाष्टक:
भावनेचा पूर आला म्हणून व्यवहाराचं विचारतो. ह्याच गोळ्यांची पूड करून टोचून घेणारे आहेत, त्यांचा काळा बाजार चालतो. आमच्या करातून ही खिरापत कशाला? एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ पासून आहे, सेवन हाही गुन्हाच. दोन-चार जणांना आत टाका, बाकीचे आपोआप सुधारतील.

गच्चीवरचा:
काळा बाजार होतो हे मान्य. म्हणून तर नर्ससमोर विरघळवायची. घरी न्यायच्या गोळीत नालोक्सोन मिसळलेलं असतं. जिभेखाली ते जवळपास निकामी, पण टोचलं की टर्कीच लागते. आणि कायद्याचं म्हणाल तर कलम ६४अ ही वाचा : सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणातला व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. सुटकेची वाट कायद्यानंच ठेवलीय, पोलीस चौकीच्या भिंतीवर ती कुणी लिहीत नाही एवढंच.

खडाष्टक:
वाट ठेवली म्हणजे तिच्यावरून कुणी चालतं असं नाही.

गच्चीवरचा:
चालायला केंद्रं हवीत. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्यांपैकी विसातल्या एकालाच काही ना काही उपचार मिळतो असं आलं. दारूत अडतिसातल्या एकाला. खिरापत वाटायला आधी रांगेत माणूस तर यायला हवा.

माजघर:
तुमचं गर्द-गर्द चाललंय, आमच्याकडे आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन आहे. २०१५ मध्ये ते कायद्याखाली आलं, २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यात साठा सापडला. मुलं मात्र पुडीला आजही "एनर्जी" म्हणतात. माझा मुलगा सलग तीन रात्री जागा असायचा, दात कराकरा खायचा. मग पंख्यातून आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय म्हणून पंखा उतरवून ठेवला. त्याला कुठली गोळी देणार?

एका खाजगी केंद्रात ठेवला. गाडी पाठवून रात्री उचलून नेला, आम्हीच सही केली होती. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. आता तो डॉक्टरचं नाव काढलं तरी दार लावून घेतो.

सोनटक्का:
ताई, एमडीला अशी बदली गोळी नाही, हे खरं. झोप, भास, घबराट यांवर औषधं देतात. बाकी समुपदेशन आणि घरच्यांची तयारी, महिनोन्‌महिने. पण मारहाण हा उपचार नाही. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात क्रूर वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क आहे, व्यसनाचे रुग्णही त्यात येतात. तो येत नसेल तर तुम्ही एकट्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोनही करता येतो. पहिल्या भेटीला रुग्ण लागतोच असं नाही.

उंबरठा:
ताईंच्या लेकाला जे झालं ते आमच्या काळीही चालायचं, "मार खाल्ल्याशिवाय उतरत नाही" म्हणायचे. मीही म्हटलंय, चुकलो.
गोळीबद्दल मत तेच आहे. पण गच्चीवरचे, भावाला विचारा, शनिवारी संध्याकाळी आमच्या, व्यसन सोडलेल्यांच्या, मीटिंगला येतो का. गोळी घेऊन आला तरी चालेल, खुर्च्या मांडायला माणूस लागतोच.

गच्चीवरचा:
विचारलं. म्हणतो, तिथं गोळीचं सांगायचं की नाही ते आधी काकांना विचार.