हातांच्या पंज्यांखाली ‘आदिमानवाची सही’ लिहायचं का?

गोदाकाठ (धागाकर्ता):
नाशिकमध्ये शाळकरी मुलांसाठी गुहाचित्रांची कार्यशाळा घ्यायचं घाटतंय. मुलं गेरूने पंजे उमटवणार आणि शेजारच्या फलकावर ‘आदिमानवाची सही’ अशी ओळ असणार. या ओळीला माझा ठाम विरोध आहे. पंजे दोन तऱ्हेने उमटतात. एक, तळव्याला रंग लावून थापलेला. दुसरा, हात भिंतीला टेकवून भोवती रंग फुंकलेला; हात काढला की मोकळी आकृती उरते. युरोपातले आणि इंडोनेशियातले अतिप्राचीन पंजे बहुतांशी दुसऱ्या तऱ्हेचे आहेत. त्यात हात एकाचा आणि फुंकणारा दुसराच असू शकतो. मग सही कुणाची मानायची? पंजा कसा उमटला हे नीट पाहिल्याशिवाय त्याला अर्थ चिकटवू नये.

कातळवाट:
साफ असहमत. कृती कळली म्हणजे सगळं कळलं असं नाही, आणि हेतूबद्दल मौन पाळणं हीसुद्धा एक भूमिकाच झाली. फ्रान्समधल्या पेश मेर्ल गुहेत ठिपकेवाल्या घोड्यांच्या भोवती पंजे आहेत. ती जागा निवडलेली आहे, हात सहज जिथे पोचला तिथली नाही. आपल्याकडेही लग्नघरी दाराशी हळदीचे थापे देतात, पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे पंजे उठवतात, सतीशिळेवर कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात कोरलेला असतो. माणूस महत्त्वाच्या जागी हात ठेवतो. मुलांना हा धागा दिसायला हवा.

गोदाकाठ:
जागा निवडलेली असते, हे मान्य. पण थाप्यात रंग हाताला असतो आणि तो सगळ्यांच्या देखत, उजेडात दिला जातो. गर्गासचे पंजे फ्रान्समधल्या पिरेनीज पर्वतात, गुहेच्या अंधारात, सुमारे 27,000 वर्षांपूर्वीचे. थाप्यातलं मांगल्य तिथे नेऊन ठेवायला कुठलाही पुरावा नाही.

रंगचूर्ण:
फुंकण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात.

गेरू कुटून वस्त्रगाळ करायचा. एक भाग गेरूला दोन भाग पाणी घेऊन सुरुवात करा. पातळ झाला तर ओघळ येतात, दाट झाला तर थेंबांचे गोळे पडतात. चाळणीने भागत नाही, कारण जाड कण खाली बसतात आणि नळी तुंबते. बाजारच्या गेरूत काय मिसळलंय याची खात्री नसते, त्यामुळे मुलांना तो तोंडात धरू देऊ नका. दोन नळ्या घ्या. एक रंगात उभी, दुसरी तिच्या वरच्या तोंडाशी काटकोनात आडवी. आडवीतून जोरात फुंकलं की उभीच्या तोंडाशी दाब कमी होतो, रंग वर चढतो आणि तुषार उडतात. उभी नळी रंगाच्या पातळीपासून तीन-चार सेंटीमीटरच वर असू द्या. रंग कमी होत गेला की ही उंची वाढते आणि फवारा अचानक बंद पडतो. मुलांना वाटतं नळी तुंबली. भांड्यात रंग वाढवला की पुन्हा सुरू होतं.

फवारा भिंतीला काटकोनात, थोडा थोडा. तिरका मारला की एका बाजूच्या कडांखाली रंग शिरतो आणि बोटं बारीक दिसतात. हात भिंतीपासून सुटला तरी कड धूसर होते.

आता गर्गासबद्दल. तिथे दोनशेच्या वर पंजे आहेत, कितीतरींची बोटं आखूड, पण अंगठा शाबूत. हिमदंश, मुद्दाम तोडलेली बोटं, शिकारीत बोटं दुमडून केलेल्या हातखुणा (इशारे), असे तीन तर्क आहेत. तळवा टेकवून बोट दुमडलं तर ते तळव्याखाली येऊन पंजा उचलतं आणि कड बिघडते. हाताची पाठ टेकवली तर बोट पुढे दुमडतं, कड स्वच्छ येते. म्हणून ‘कड स्वच्छ आहे म्हणजे बोट तुटलेलंच’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

डाव्या हातांचंही तसंच. डाव्याचा तळवा टेकवा किंवा उजव्याची पाठ, बाह्यरेषा जवळजवळ सारखीच. डावे पंजे जास्त असणं म्हणजे उजव्या हाताची माणसं जास्त, हे बहुधा खरं आहे, पण एकेका पंज्यावरून सांगता येत नाही.

कातळवाट:
खुणांचा तर्क तुम्हीच उभा ठेवलात. अंगठा नेहमी शाबूत असणं हिमदंशापेक्षा खुणांशी जास्त जुळतं. म्हणजे अर्थाकडे जाता येतं.

रंगचूर्ण:
हो, जाता येतं, तंत्राच्या वाटेने. माझं म्हणणं तेवढंच आहे.

पंचवटीकर:
‘आदिमानव’ या शब्दालाच माझी हरकत आहे, कारण त्यात वेगवेगळे काळ आणि वेगवेगळी माणसं एकत्र कोंबली जातात. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या लिआंग टिंपुसेंग गुहेतला पंजा किमान 39,900 वर्षांचा. स्पेनमधल्या माल्त्राविएसो गुहेतल्या पंज्याला 2018 साली किमान 66,700 वर्षं सांगितली गेली, म्हणजे तो निअँडरथलचा, आपल्याहून वेगळ्या, नामशेष झालेल्या मानवाचा. त्यावर अजून वाद आहे. गेरू लोहाचा, त्यात कर्ब नाही, म्हणून थेट वय निघत नाही. रंगावर साचलेल्या कॅल्साइटच्या (चुन्याच्या खनिजाच्या) थरात युरेनियमचं हळूहळू थोरियम होतं; त्या दोन्हींच्या प्रमाणावरून किमान वय काढतात. पाण्याने त्यातलं युरेनियम वाहून गेलं असेल तर वय खोटंच जुनं निघतं.

आणखी एक. या गुहा चुनखडीच्या, नैसर्गिक. आपली पांडवलेणी बेसाल्टमध्ये छिन्नीने कोरलेली, साधारण दोन हजार वर्षांची. कार्यशाळेत दोन्हींची चित्रं शेजारी लावली तर मुलं ती एकाच प्रकारची समजतील.

कातळवाट:
कुणाचा हात, यावर 2013 साली अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डीन स्नो यांनी बोटांच्या प्रमाणावरून 32 पंजे तपासून तीन-चतुर्थांश स्त्रियांचे ठरवले. तेही फलकावर येऊ द्या.

रंगचूर्ण:
येऊ द्या, पण 32 हा आकडा ठळक लिहा. बोटांची मोजलेली लांबी फवाऱ्याच्या कोनानेही बदलते. मुलांकडून एकाच हाताचे चार कोनांतून पंजे काढून घ्या आणि तर्जनी-अनामिका पट्टीने मोजायला सांगा.

गोदाकाठ:
हे मला पटतं. ‘सही’ मात्र नको. फलकावर रंग, अंतर, कोन आणि तिन्ही तर्क लिहू.

कातळवाट:
थाप्याचं आणि पोळ्याच्या बैलाचं छायाचित्र मी तरीही पाठवणार. तुलना म्हणून लावा, पुरावा म्हणून नको.