जुनी गेम, नवा पीसी : तुमची कुठे उडाली, कशी सावरली?

माळ्यावरची सीडी (नाशिक)

गेल्या महिन्यात घरात नवा लॅपटॉप आला. १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, सगळं. दुकानदार म्हणाला, "यावर काहीही चालेल." मी पहिलीच गोष्ट चालवायला घेतली ती १९९९ सालची 'एज ऑफ एम्पायर्स २', आणि ती चालली नाही.

हीच गेम आमच्या पेंटियम थ्रीवर, ६४ एमबी रॅममध्ये, पहाटे दूधवाला येईपर्यंत चालायची. इथे आधी विंडोजने 'डायरेक्टप्ले' (अनेकांनी मिळून खेळायचा विंडोजचा जुना भाग) हवं म्हणून सांगितलं, ते दिलं. मग पडदा काळा झाला आणि दोन सेकंदांत मी परत डेस्कटॉपवर. एरर नाही, चौकट नाही, जणू मी काही उघडलंच नव्हतं.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ज्यांनी कधी उघडला नसेल त्यांच्यासाठी: स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन. लाल खुणेच्या ओळीत कोणता प्रोग्राम पडला आणि कोणत्या मॉड्यूलमध्ये पडला ते लिहिलेलं असतं. माझ्याकडे ॲक्सेस व्हायोलेशन होतं, म्हणजे गेमने स्वतःच्या नसलेल्या मेमरीत हात घातला. शेवटी गेमच्या फोल्डरात सीएनसी-डीड्रॉची डीएलएल टाकली. ही फाइल डायरेक्टड्रॉच्या, म्हणजे विंडोजच्या जुन्या चित्र काढायच्या पद्धतीच्या, मागण्या आजच्या ग्राफिक्स कार्डाला कळतील अशा करून देते, दुभाष्यासारखी. आता चालते. (विंडोज ७ वर याच गेममध्ये गवत जांभळं दिसायचं, तेव्हा टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळायचो. आठवतंय का कुणाला?)

तुमचे अनुभव लिहा. नुसतं "माझी चालते" नको. काय दिसलं, काय काय करून पाहिलं, शेवटी कशाने सुटलं ते लिहा. नसेल सुटलं तरी लिहा. आणि फुकट डाउनलोडच्या लिंका मागू नका, देऊ नका.

खडूफळा (सातारा)

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, त्यामुळे डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्राम नव्या पीसीवर चालवणारा प्रोग्राम) आमच्याकडे रोजच्या भाजीभाकरीसारखा. टर्बो सी++ ची निळी खिडकी अजून पुष्कळ ठिकाणी त्यातूनच उघडते. माझा किस्सा मात्र टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या जुन्या साधनाचा आहे.

विद्यार्थी असताना मित्रांनी मिळून सापशिडी लिहिली होती. दहा-बारा वर्षांनी फ्लॉपीवरून काढून चालवली तर एकच ओळ: 'रनटाइम एरर २००'. म्हणजे शून्याने भागाकार. आम्ही कुठेही भागाकारच केला नव्हता! दोन दिवस आमचाच कोड तपासत बसलो.

चूक पास्कलच्या सीआरटी युनिटमध्ये, म्हणजे पास्कलसोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये होती. 'इतके मिलिसेकंद थांब' ही आज्ञा पाळता यावी म्हणून ते युनिट प्रोग्राम सुरू होतानाच संगणकाचा वेग मोजतं. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, रिकामं चक्र किती वेळा फिरतं ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झच्या आसपास गेला की भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावत नाही. प्रोसेसर 'भागाकार चुकला' म्हणून ओरडतो, पास्कल त्याचा अर्थ 'शून्याने भागलं' असा लावतं. बिचाऱ्या सापशिडीचा यात काडीचा दोष नाही.

डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ११ दाबत सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, कमी केल्या, मग चालली. ९९ वरचा साप अजूनही सरळ १ वर आणून सोडतो, तो मात्र आमचाच बग.

पन्हाळ्याचा पाव्हणा (कोल्हापूर)

आमची 'व्हर्च्युआ कॉप २' उडत न्हाई, उलटं लई पळती. गेम सुरू केली की गाडी आली, माणसं आली, गोळ्या झाल्या, मी मेलो. ह्ये सगळं मी माऊसवर हात ठेवायच्या आत. धाकट्या भावाला वाटलं, दादाला खेळायला येत न्हाई. इज्जतीचा प्रश्न झाला.

डीएक्सविंड म्हणून एक टूल हाय, त्यात फ्रेमचा वेग बांधून टाकला. मग जमलं. पण आता खरंच खेळायला येत न्हाई ह्ये कळलं.

मांडवीकाठ (पणजी)

सीडी ड्राइव्ह नाही म्हणून माझी गेम उघडत नाही, असं गृहीत धरून मी आधी यूएसबीचा सीडी ड्राइव्ह विकत आणला. सीडी फिरली, इन्स्टॉल झालं, आयकॉन आला. डबल क्लिक केलं की कर्सरशेजारचं चक्र क्षणभर फिरायचं आणि संपलं. कम्पॅटिबिलिटी मोडचे सगळे पर्याय झाले, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून झालं, अँटिव्हायरस बंद करून झाला. इव्हेंट व्ह्यूअरमध्येही काही नाही. कारण गेम उडतच नव्हती, तिला आतच सोडलं जात नव्हतं.

त्या काळच्या अनेक सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असे. सीडी अस्सल आहे का हे बघायला ते विंडोजच्या अगदी पोटातला एक ड्रायव्हर वापरायचं, सेकड्रव्ह. त्यात सुरक्षेचं भगदाड होतं. विंडोज १० मध्ये २०१५ साली तो घेतलाच नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने विंडोज ७ व ८ मध्येही तो बंद केला. म्हणजे सीडी अस्सल असेल तरच अडचण! चोरीची कॉपी घेणाऱ्याला हा त्रास कधी झालाच नसणार, याचा मला अजून राग आहे.

जाणत्यांना माहीत असेल, तो ड्रायव्हर कुठून तरी आणून बसवता येतो. मी बसवला नाही, तुम्हीही बसवू नका. सीडीशिवाय गेम उघडणाऱ्या नो-सीडी फाइलच्या नादालाही लागू नका, एका मैत्रिणीच्या पीसीत त्यासोबत काय काय आलं ते पाहिलंय. जुन्या गेम नीट करून विकणाऱ्या साइटवर तीच गेम कुलपाशिवाय मिळाली, सेलमध्ये. सीडी आता शोकेसमध्ये आहे.

लेकुरवाळी (डोंबिवली)

माझा अनुभव आपल्या भाषेशी जोडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नवीन पीसी आला तेव्हा २७ फेब्रुवारी होती. मराठी भाषा दिन, म्हणून उत्साहाने मी विंडोजमध्ये अकाउंटचं नावही देवनागरीत दिलं, 'घरचा संगणक'. नवरा म्हणाला, "छान दिसतंय."

मग मुलासाठी त्याच्या मामाच्या जुन्या गेम टाकल्या. एक मेनूपर्यंत येऊन पडायची. दुसरी चालायची, पण सेव्ह केलेलं दुसऱ्या दिवशी गायब. तिसरी म्हणायची, फोल्डर तयार करता येत नाही. तिन्ही वेगवेगळ्या वर्षांच्या, तिन्हींची रड वेगळी. मी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, एका आठवड्यात दोनदा. मामाने फोनवरून सांगितलेलं सगळं केलं. मामा शेवटी म्हणाला, "ताई, विंडोज नवीन टाक." त्याचं प्रत्येक गोष्टीवर हेच औषध.

त्या तिसऱ्या गेमच्या एरर चौकटीत पूर्ण पत्ता होता. सी, यूजर्स, आणि पुढे नुसती प्रश्नचिन्हं. तेव्हा ट्यूब पेटली.

आपण नाव देवनागरीत दिलं की यूजर फोल्डरही देवनागरीत बनतो, आणि 'डॉक्युमेंट्स' त्याच्या पोटात. नव्या प्रोग्रामांना याचं काही वाटत नाही, ते युनिकोडमध्ये बोलतात, त्यात सगळ्या लिपी मावतात. जुन्या गेम मात्र जुन्या पद्धतीने पत्ता मागतात, एएनएसआय कोडपेजमधून, म्हणजे ठरावीक लिपींच्या जुन्या अक्षर-तक्त्यातून. रशियन, ग्रीक, अरबी यांच्यासाठी विंडोजमध्ये अशी कोडपेजेस आहेत. देवनागरीसाठी नाहीच. म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि प्रश्नचिन्ह विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात चालतच नाही. गेमला जो पत्ता मिळतो तो अस्तित्वात असूच शकत नाही. एखादी गेम निमूट सेव्ह न करता पुढे जाते, एखादी तिथेच मान टाकते.

सेटिंगमध्ये जाऊन अकाउंटचं नाव बदललं तर फक्त दिसणारं नाव बदलतं, फोल्डर तोच राहतो. मी दुसरं लोकल अकाउंट केलं, रोमन अक्षरांत, फक्त गेमसाठी. तिन्ही गेम त्याच संध्याकाळी चालल्या. 'घरचा संगणक' मी बदललेला नाही.

खडूफळा

@लेकुरवाळी, हे सोन्यासारखं आहे. आमच्या लॅबमध्ये एका मुलाचा कंपायलर असाच रडत होता, नावात 'ऋ' होता. आम्ही त्याला लॅपटॉप फॉरमॅट करायला लावला. उद्या त्याची माफी मागतो.

उलटा तिलक (म्युनिक)

पेशाने प्रोग्रामर आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

धाकट्या चुलतभावाचा सोलापुरातून फोन: "दादा, विमान चोरीला गेलं." 'जीटीए सॅन अँड्रियास'. ज्या गेममध्ये आपण जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पळवल्या, तिथे याचं विमान गेलं! पाण्यावर उतरणारं 'स्किमर', नेहमीच्या धक्क्याला नाही. त्याने गेम तीनदा काढून तीनदा टाकली होती. त्याच्या पीसीवर विंडोज ११ चं २४एच२ अपडेट नुकतंच आलं होतं, हे त्याने शेवटी, जाता जाता सांगितलं. महत्त्वाची गोष्ट नेहमी शेवटीच सांगतात.

याचं उत्तर एप्रिल २०२५ मध्ये 'सायलेंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॉडरने (गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्याने) शोधून लिहिलं. तो जुन्या जीटीए गेममधले बग दुरुस्त करणाऱ्या 'सायलेंटपॅच'चा कर्ता. गेममध्ये सगळ्या वाहनांची एक साधी मजकुराची फाइल आहे, एका ओळीत एक वाहन. स्किमर आधीच्या 'व्हाइस सिटी'त बोट म्हणून नोंदवलेलं होतं. सॅन अँड्रियासमध्ये ते विमान झालं, पण विमानाच्या ओळीत चाकांच्या मापाचे जे आकडे लागतात ते लिहायचे राहिले. गेम ती ओळ वाचते, आकडे मिळाले की नाही ते बघत नाही, आणि ज्या जागेत ते यायचे तिथे आधीपासून जे पडलं असेल ते घेऊन पुढे जाते. वीस वर्षं तिथे आधीच्या ओळीतल्या वाहनाच्या चाकांचं माप पडलेलं असायचं. उसन्या चाकांवर विमान सुखाने उडत होतं.

२४एच२ मध्ये विंडोजच्या एका अंतर्गत फंक्शनने स्टॅकवरची (प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीतली) थोडी जास्त जागा वापरायला सुरुवात केली, इतकंच. ते उसने आकडे पुसले गेले आणि जागी कचरा आला. चाकाचं माप अवाढव्य. स्क्रिप्टने जबरदस्तीने विमानात बसवलं तर सीजे, म्हणजे गेमचा नायक, सरळ आभाळात, १ वर ३१ शून्यं इतक्या मीटर उंचीवर. विश्वाच्या बाहेर म्हणा ना.

विंडोजची चूक नव्हती. तो बग २००५ पासून गेममध्ये झोपलेला होता. चुलतभावाला सायलेंटपॅच टाकायला सांगितलं, विमान धक्क्याला परत आलं. त्याचा प्रश्न: "पण मग तोवर होतं कुठे?"

याच गेमवर आणखी एक, फुकटचं: सुरू होतानाच पडत असेल तर डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या यूजर फाइल्स फोल्डरात सेटिंगची एक 'डॉट सेट' फाइल असते, ती उडवा. गेम ती परत तयार करते. सेव्ह फाइल्सना हात लावू नका.

पेंग्विन पाळलाय

लिनक्स, त्यावर विंडोजच्या गेम चालवणारा प्रोटॉन. पहिल्या फटक्यात चालली.

पन्हाळ्याचा पाव्हणा

आले बघा लिनक्सवाले. वाटच बघत हुतो.

पेंग्विन पाळलाय

हसा. पण ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्राम चालत नाहीत, आणि १९९५ च्या आसपासच्या कित्येक गेम स्वतः ३२ बिटी असूनही त्यांचा सेटअप १६ बिटी असतो. म्हणजे गेम चालली असती, पण दारातच अडली. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनमध्ये १६ बिटीही चालतात. विंडोजवरच राहायचं असेल तर ओटीव्हीडीएम नावाचा प्रकल्प बघा, तो वाइनचाच तुकडा उचलून हे काम करतो.

कडक चहा (नागपूर)

आमच्याकडे गेम नाही, अख्खा पीसी बंद पडायचा. २००० च्या आसपासची गेम, मेनू उघडला की पंखे असे भणभणायचे, आणि पाच मिनिटांत खटकन अंधार. दुकानात नेला तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदला, साडेतीन हजार म्हणे. मग मदरबोर्डवरही संशय. मी म्हटलं, थांबा जी, नवीन गेम तीन-तीन तास चालते, हीच कशी बंद पाडते?

फ्रेमचा आकडा दाखवणारं टूल लावलं. मेनूमध्ये सेकंदाला नऊशेच्या वर फ्रेम. स्थिर चित्र, वर चार बटणं, आणि कार्ड ते सेकंदाला नऊशे वेळा रंगवत होतं, कारण थांब म्हणायला कोणी नव्हतं. कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये त्या गेमपुरतं व्हीसिंक चालू केलं, म्हणजे पडदा दाखवू शकतो तितक्याच फ्रेम. साठ फ्रेम, पंखे गप्प. एसएमपीएस तोच आहे, दीड वर्ष झालं.

माळ्यावरची सीडी

आता माझीच नवी अडचण. दुसरी गेम टाकतोय. सेटअप म्हणतो, ४०० एमबी जागा हवी, तुमच्याकडे नाही. डिस्कवर सहाशे जीबी रिकामी आहे!

उलटा तिलक

जास्त आहे म्हणूनच. जुना सेटअप रिकामी जागा ३२ बिटांत मोजतो, त्याच्या पलीकडचा आकडा वाकडा होतो, कधी उणेसुद्धा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ॲक्शन, क्रिएट व्हीएचडी, १ जीबीची आभासी डिस्क करा, तिला फॉरमॅट करून अक्षर द्या आणि गेम तिथे टाका.

माळ्यावरची सीडी

केलं. पट्टी ६० टक्क्यांपर्यंत गेली. आता 'सीडी २ टाका' म्हणतेय. ती मामेभावाकडे आहे, २००३ पासून. दोनच्या जागी एकच सीडी परत आली हे मला आत्ता कळतंय.