मदत हवी आहे: जुना क्लास एबी अ‍ॅम्प दुरुस्त करू की क्लास डी घेऊ?

नमस्कार मंडळी,

बाबांचा 1994 सालचा क्लास एबी (जुन्या धाटणीचा, तापणारा) अ‍ॅम्प्लिफायर महिनाभर घुं करतोय. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी घुं तशीच, आणि खुंटी फिरवली की खरखर. बुधवार पेठेत तापकीर गल्लीजवळ एक दुरुस्तीवाले काका आहेत, त्यांच्याकडे रिक्षाने नेला. धूड 11 किलोचं, स्कूटरवर पायाशी ठेवायचा धीर झाला नाही. काकांनी झाकण काढून दोन मोठ्या कपॅसिटरच्या फुगलेल्या टोप्या दाखवल्या. "हे वाळले की 100 हर्ट्झची घुं येणारच. हे बदलतो, रिले बदलतो, पॉट (व्हॉल्यूमची खुंटी) साफ करतो, बायस (ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह) लावून देतो. साडेचार हजार."

घरी आल्यावर मेहुणा म्हणाला, "भावोजी, त्यात थोडी भर घाला आणि क्लास डी घ्या." (क्लास डी म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा, कमी तापणारा अ‍ॅम्प. डी म्हणजे डिजिटल नव्हे, ए-बी-सी नंतरचं अक्षर, हे मला माहीत आहे. कृपया त्यावर वीस प्रतिसाद नकोत.) दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा घेऊन आला. टीपीए 3255 चिपवाला, जेवणाच्या डब्याएवढा. दोन तास वाजवून हात लावला तर जेमतेम कोमट. आमच्या धुडावर एवढ्या वेळात पापड भाजता येतो.

खोक्यावर 300 वॅट गुणिले 2 छापलंय. सोबतचा अडॅप्टर मात्र 48 व्होल्ट 5 अँपिअर, म्हणजे सगळे मिळून 240 वॅट. ते 300 कुठून येणार, देव जाणे. अर्थात मला वॅटचं दुःख नाही. खोली 10 बाय 12, स्पीकर 6 ओहमचे, 87 डीबी संवेदनशीलतेचे (एक वॅटला मीटरभरावर एवढा आवाज). रोजच्या ऐकण्याला एक वॅटही पुरतो.

प्रश्न आवाजाचा आहे. काकांनी घुंचं निदान केलं, पण कामाला होकार देण्याआधी दोन्ही अ‍ॅम्प त्याच स्पीकरवर ऐकले. आधी डी वाला फारच उघडा, स्वच्छ वाटला. मग लक्षात आलं की तो थोडा मोठा वाजतोय, आणि मोठा वाजणारा नेहमीच बरा वाटतो. मोबाइलवर डेसिबल बघून दोघांची पातळी सारखी केली आणि आईला पाठमोरी बसवून ओळखायला सांगितलं. ख्यालात दहापैकी सहा वेळा बरोबर, म्हणजे नाणेफेकच. तबल्याचा बायाही दोन्हीकडे तितकाच भरीव. पण नुसता तानपुरा लावला की जवारीची ती वरची झणझण मला डी मध्ये किंचित काचेरी लागते. पातळी सारखी केल्यावरही.

वाचलंय की स्वस्त क्लास डी मध्ये फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल तपासून चूक सुधारणं) चिपपाशीच घेतात आणि बाहेरचं एलसी फिल्टर (कॉइल आणि कपॅसिटरचं) त्यातून सुटतं. त्यामुळे स्पीकरच्या इंपीडन्सप्रमाणे (ओहममधला विरोध, जो सुरानुसार बदलतो) 10 किलोहर्ट्झच्या वरचा भाग उचलला किंवा दबला जातो. माझ्या 6 ओहमच्या स्पीकरचं तेच होत असेल का? फिल्टरनंतर फीडबॅक घेणारे बोर्ड कोणी वापरले असतील तर फरक कानाला कळतो का, एवढं सांगा. मोजमापाचे आलेख मी पाहिलेत, कान हवेत.

दुसरं, जुन्यात कपॅसिटर घातले तर पुढची दहा वर्षं निघतील का, की आता एकेक भाग जात राहणार? आउटपुट ट्रान्झिस्टर अजून मूळचेच आहेत आणि ते गेले तर अस्सल जोडी मिळणं अवघड, असं काकाच म्हणाले.

आणि एक घरगुती अडचण. आईचा रेडिओ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, मीडियम वेव्ह 792 किलोहर्ट्झला असतो. डी चालू केला की त्यात चरचर. ती अडॅप्टरची की अ‍ॅम्पच्या स्विचिंगची, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? वायरवर फेराइटचं कडं (अशी चरचर अडवणारं) घालून थांबेल का? सध्या आई रेडिओ उचलून स्वयंपाकघरात जाते आणि जाताना माझ्याकडे बघते.